हात न लागलेल्या फायली

आवाजाच्या बाईंचा, म्हणजे आमच्या इस्पितळात घशाच्या रुग्णांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या बाईंचा, फोन आला तेव्हा मी चहा पीत होतो, आणि बऱ्याच महिन्यांनी तो मला चहासारखा लागत होता. काम संपलं होतं. सकाळच्या बैठकीत साहेबांनी चारचौघांत माझं नाव घेतलं होतं. आमच्या खात्यात नाव घेतात ते काही बिघडलं तरच, त्यामुळे मी जरा बावचळूनच खाली आलो होतो. बाई म्हणाल्या, एक छोटंसं काम होतं. त्यांच्या आधीच्या, निवृत्त होऊन परगावी गेलेल्या बाईंच्या नावाचं एक फोल्डर होतं. घशाच्या ऑपरेशनआधी रुग्णांचे आवाज मुद्रित करून त्यात ठेवलेले होते. ते नव्या जागी दिसत नाही, कुठं शोधायचं? त्यांचा सूर अगदी साधा होता, खोलीतला पंखा बंद केलात का असं विचारावं तसा. मी 'बघतो' म्हणालो. सव्वीस वर्षं मी या एका शब्दावर नोकरी केली आहे. बघतो म्हटलं की समोरच्याचा जीव भांड्यात पडतो आणि आपल्याला दोन दिवस मिळतात. पण या वेळी बघण्यासारखं काही उरलेलं नव्हतं, आणि ते मला फोन खाली ठेवायच्या आधीच माहीत होतं. कपात अर्धा चहा होता. तो मी शांतपणे संपवला, आणि त्याची मला दिवसभर लाज वाटत राहिली.

माझं काम सांगायला सोपं आहे. इस्पितळाच्या सगळ्या फायली, म्हणजे रक्ताच्या तपासण्या, एक्स-रे, पत्रव्यवहार, कुणाकुणाच्या निरोपसमारंभाचे फोटो, तळघरातल्या एका मोठ्या साठ्यावर असतात. तो साठा म्हातारा झाला. नवा साठा शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका थंडगार इमारतीत. जुन्यावरचं नव्यावर न्यायचं आणि जुना पुसून एक्स-रे विभागाला रोजच्या वापरासाठी द्यायचा, असं ठरलं. सगळंच्या सगळं नेता येत नाही, नवी जागा मोजकी आहे. म्हणून फायलींचे गट पाडायचे, आणि कुठले गट जाणार, कुठले राहणार हे ठरवायचं. हे मी ठरवत होतो. लोक मला कोठीवाले म्हणतात. आधी थट्टेनं म्हणायचे, आता मला हाक मारायला दुसरं नावच कुणाला आठवत नाही. गट पाडायला कुणी एकेक फाईल उघडून बघत नाही, तेवढं आयुष्य कुणाकडे आहे? नियम लिहायचा. अमुक खात्याच्या सगळ्या घे, तमुक प्रकारच्या सोड. आणि शेवटचा नियम मी स्वतः सुचवलेला: पाच वर्षांत ज्या फायलीला कुणीच हात लावला नाही, ती सोडून दे. फाईल शेवटची कधी उघडली याची तारीख यंत्र धरून ठेवतं, त्यामुळे यात मिनतवाऱ्यांना जागा नाही. साहेब खूश झाले. म्हणाले, बरोबर आहे, ज्याला जे हवं असतं ते तो पाच वर्षांत एकदा तरी उघडतोच. मी मान डोलावली. त्या वाक्याला मान डोलवायचा ज्याला मुळीच अधिकार नव्हता असा एक माणूस त्या खोलीत होता, आणि तो मी होतो.

मग सगळ्या खात्यांना सूचना गेली: जुनं काही हवं असेल तर एकदा उघडून बंद करा, म्हणजे तारीख बदलेल आणि फाईल वाचेल. आमच्याकडे त्याला 'हात लावून घेणं' म्हणायला लागले. तीन आठवडे इस्पितळात जिकडेतिकडे हात लावणं चाललं होतं. आस्थापनेतल्या बाईंनी जेवणाच्या सुट्टीत चारशे पत्रं न वाचता नुसती उघडझाप केली. एक म्हातारे सर्जन मुद्दाम तळघरात उतरून मला विचारून गेले की पडद्यावर बोट लावलं तर चालतं का. मी पोट धरून हसलो होतो. नव्या आवाजाच्या बाईंनीही आपल्या अहवालांना हात लावून घेतला. जुन्या बाईंच्या नावाखाली काय आहे हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. ठाऊक असलेला माणूस तळघरात बसून दुसऱ्यांना हसत होता.

कॉपी सुरू करायच्या आधी यंत्र एक यादी देतं, कुठल्या फायली मागं राहणार त्याची. एक्केचाळीस हजार नावं होती. प्रत्येक नावाशेजारी अपवादाचा एक चौकोन. त्यावर खूण केली की ते नाव मागं राहत नाही. त्यापुढं 'कारण' असा रकाना, आणि तो रिकामा सोडता येत नाही. ती अटही माझीच, नाहीतर लोक सरसकट खुणा करत सुटतात. यादी वाचून खाली सही करायची असते. कुणी वाचत नाही. मी वाचली. दोन दिवस वाचत होतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जुन्या बाईंचं नाव आलं. त्याखाली चौतीस रुग्णांचे क्रमांक, आणि त्यातला एक मला माझ्या स्वतःच्या फोनच्या आकड्यासारखा पाठ. मी खूण केली. कारणाच्या रकान्यात 'बहीण' असं लिहिलं. ते फार उघडं पडल्यासारखं वाटलं, खोडलं. 'खात्याची मागणी' लिहिलं. खात्यानं तर मागितलं नव्हतं, तेही खोडलं. मग म्हटलं, अपवाद हवा कशाला, आपणही सगळ्यांसारखा हात लावून घ्यावा. उघडायची, लगेच बंद करायची, दोन सेकंदांचं काम. त्या क्रमांकावर बाण नेला. आवाज बाहेर येऊ नये म्हणून स्पीकरची वायर काढली. मग वायर काढलेली असूनही मला उघडता येईना. उद्या बघू म्हणून मी खूण काढून टाकली आणि उठलो. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब सहीसाठी स्वतः खाली आले. ते दुपारी आले असते तर मी नक्की उघडली असती, असं मी आज सकाळपर्यंत समजत होतो.

तो क्रमांक ताईचा. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, आणि वडील घरात असूनही नसल्यासारखे. सतराव्या वर्षी ताई छापखान्यात लागली ती जवळजवळ चाळीस वर्षं तिथंच होती. तिचं काम म्हणजे हातात मूळ कागद घेऊन मोठ्यानं वाचायचं. समोरचा मुद्रितशोधक छापलेल्या कागदावर बोट ठेवून ताडत जायचा. स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस, सगळं उच्चारून. कायदे, निविदा, शाळेची पुस्तकं, औषधांच्या बाटलीबरोबरचे बारीक कागद, काय म्हणून तिनं वाचलं नव्हतं. तिचा आवाज गोड वगैरे नव्हता. कोरडा होता, स्वच्छ होता, आणि त्याला थकवा म्हणून माहीत नव्हता. ती सवय घरीही यायची. 'ताट घे स्वल्पविराम गार होतंय पूर्णविराम', असं ती स्वयंपाकघरातून म्हणायची. मी रुसून दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो की दारात येऊन 'नवा परिच्छेद' एवढंच म्हणायची आणि मला हसू फुटायचं. मी तळघरातल्या साठ्यावर कामाला लागलो तेव्हा ती म्हणाली होती, बरं झालं, दोघंही एकाच धंद्यातले, मुळातलं सगळं प्रतीत उतरलंय की नाही बघणारे. दुसऱ्यांचं लिहिलेलं ती असं तासन्‌तास घडाघडा वाचायची. स्वतःचं म्हणून मात्र तिच्या तोंडून चार वाक्यं सलग निघालेली मला आठवत नाहीत. लग्नाचं विचारलं तेव्हाही ती 'बघू' म्हणाली होती. हा शब्द बहुतेक आमच्या घराण्यातच आहे.

सात वर्षांपूर्वी तिचा घसा बसला तो उठेचना. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक किरणांची, आवाज राहील, पण आजार पुन्हा डोकं वर काढणार नाही अशी हमी नाही. दुसरी स्वरयंत्र काढून टाकायची. आवाज कायमचा जाईल, माणूस राहील. माझ्या धंद्यात धोका ही शिवी आहे. मी तिथल्या तिथं ऑपरेशन म्हणालो. ताई टेबलावरच्या पेन्सिलींकडे बघत होती. म्हणाली, "तू म्हणशील तसं." मी त्याचा अर्थ हो असा घेतला, कारण मला तो तसाच हवा होता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी जुन्या आवाजाच्या बाईंनी तिला त्यांच्या काचेच्या खोलीत बसवलं. ठरावीक वाक्यं वाचून घ्यायची, म्हणजे पुढंमागं काही यंत्र निघालं तर उपयोगी पडतील, आणि शेवटी रुग्णाला जे म्हणायचं असेल ते. मी काचेच्या अलीकडे बाकावर होतो. ताईनं कागद वाचला. ते मला तिच्या डोळ्यांच्या सरकण्यावरून कळत होतं. मग तिनं कागद खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं, आणि बोलायला लागली. पुष्कळ वेळ बोलली. ओठ हलत होते, मध्येच ती थांबत होती, पुन्हा बोलत होती. माझ्यापर्यंत काही येत नव्हतं. मला त्या काचेचा आधार वाटला होता, हेही आता लिहून टाकतो.

बाहेर आल्यावर जुन्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, शेवटचं त्यांनी तुमच्यासाठी म्हटलंय, मी फोल्डरमध्ये ठेवते, तुम्ही आजच्या आज ऐका. मी हो म्हणालो. त्या संध्याकाळी मी तळघरात माझ्या खुर्चीत बसून होतो आणि ती फाईल माझ्यासमोर होती. मला वाटत होतं, ती निरवानिरव करत असणार. कपाटाची किल्ली, माझी पथ्यं, 'माझ्या मागं रडू नकोस'. ते ऐकलं तर सकाळी तिला त्या दारापर्यंत न्यायला माझा पाय उचलायचा नाही. नंतर ऐकू म्हटलं. ती शुद्धीवर आली की, घरी आली की. सकाळी वॉर्डाबाहेर जुन्या बाई भेटल्या आणि त्यांनी विचारलं, ऐकलंत ना? मी म्हणालो, हो, ऐकलं. भिडेखातर माणूस जेवलो म्हणून सांगतो तसं. त्या आत गेल्या. थोड्या वेळानं ताईला बाहेर आणलं. ढकलगाडीवर पडल्या पडल्या तिनं माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी तिच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणालो, "सगळं ठीक होईल." ती आणखी थोडा वेळ बघत राहिली आणि मग तिनं मान वळवली. ऑपरेशन चांगलं झालं. गळ्याच्या खाली श्वासासाठी एक छिद्र राहिलं, त्यावर ती पातळ कापडाची पट्टी बांधते. पहिले काही महिने ती नुसत्या ओठांनी बोलायची. मला समजायचं नाही, मी दहा वेळा काय काय करायचो, तशी तिनं ते सोडलं आणि वही घेतली. त्यानंतर तिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नाही, साधी खिडकी लाव असंही नाही. मला वाटलं, आजारानं माणूस शांत होतो.

फोननंतर मी तळघरात खाली गेलो, उगीचच. जुना साठा पुसून बारा दिवस झाले होते आणि त्यावर आता लोकांच्या छात्या आणि मोडलेली हाडं भरभरून येत होती. जुन्याचा एक कणही शोधायला जागा नव्हती. सुरक्षेसाठीच्या टेपेवर फाईल एकदाच, नवी आली तेव्हाच उतरते, आणि त्या टेपा आम्ही पाच वर्षांपलीकडे ठेवत नाही. त्यावरही सही माझीच. साहेबांना सांगितलं. त्यांनी यादी मागवली, सही बघितली, नियम बघितला आणि म्हणाले, यात तुमची चूक काहीच नाही, नियमाप्रमाणेच झालंय. असं म्हणून त्यांनी काखा वर केल्या आणि मला वाटलं की यांनी मला दोन शिव्या द्यायला हव्या होत्या. मग बाईंकडे गेलो. त्या तरुण आहेत, मन लावून काम करतात. त्यांनी मला एक छोटं यंत्र दाखवलं, तळहाताएवढं. त्यावर लिहिलं की ते बोलतं, आणि माणसाचं जुनं बोलणं त्याला ऐकवलं तर त्या माणसाच्याच आवाजात बोलतं. चौतिसांतले अकरा जण हयात आहेत, त्या अकरांना पत्रं गेली होती. मी सांगितल्यावर त्यांनी ते यंत्र पुन्हा खोक्यात ठेवलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तुमच्या ताई मंगळवारी येऊन गेल्या, त्यांनी तर कुठली वाक्यं आधी बोलायची ते लिहायलाही घेतलंय. मग म्हणाल्या, त्यांनी तुम्हाला सांगू नका म्हटलं होतं, तुमची गंमत करायची होती.

मी चालत घरी गेलो. चाळीस मिनिटांची वाट आहे, एरवी मी बसनं जातो. रस्त्यात माणसं बोलत होती, भाजी निवडताना, फोनवर, लहान मुलांवर खेकसताना. इतकं बोलणं हवेत नुसतं उधळलं जात होतं आणि त्यातलं काहीच कुठं ठेवलं जात नव्हतं, आणि कुणाचं काही अडत नव्हतं. मी मनात वाक्यं जुळवत होतो. यंत्राचा दोष. नियम होता. जुन्या बाईंनी ठेवायला नको होतं तिथं. पण प्रत्येक वाक्याच्या मागं तो बाण उभा होता, क्रमांकावर नेऊन थांबलेला, आणि स्पीकरची काढलेली वायर. नियम मी लिहिला होता हे खरं, पण साहेबांचं ते 'हवं असतं ते उघडतोच' हे वाक्य उलटं धरलं की माझा हिशेब लागत होता. सात वर्षांत मी त्या फायलीला हात लावला नाही तो ती नको होती म्हणून नव्हे. पण यंत्राला यातला फरक कुठून कळणार? आणि यादीवर बसलो होतो तेव्हा मला तरी कळत होता का? ते जाईल तर जाऊ दे, म्हणजे ऐकायचं राहिलंय ही टोचणी एकदाची जाईल, असं काहीतरी त्या दुपारी माझ्या मनाच्या तळाशी हललं होतं. मी कानाडोळा केला होता. माझीच मला किळस आली.

ताई टेबलाशी बसली होती. अजून उजेड होता. समोर त्या यंत्राचा माहितीचा कागद, आणि वहीत तिच्या मोत्यासारख्या अक्षरात वाक्यांची यादी. मी आलेला बघून तिनं यादीवर हात ठेवला, पण पहिलं वाक्य मला दिसलं होतं: ताट घे, गार होतंय. मी चप्पलही काढली नाही. म्हणालो, "ताई, तुझा आवाज माझ्या हातून गेला." मग सगळं सांगितलं, नियम, यादी, सही. बाण आणि वायर सोडून सगळं. ती ऐकत होती. यादीचं पान तिनं हळूच उलटलं आणि कोऱ्या पानावर लिहिलं: बाकीच्या दहा जणांना पत्रानं कळवू नका, घरी जाऊन सांगा. मी बरं म्हणालो. तिनं पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला आणि पुन्हा लिहिलं: माझं जे म्हणणं होतं ते तू तेव्हा ऐकलंस. माझं त्यात सगळं आलं.

मी मान डोलावली. सव्वीस वर्षांच्या सवयीनं ती आपोआप हलली.

ती माझ्याकडे बघत होती. मग तिनं वही जवळ ओढली आणि बराच वेळ लिहीत राहिली. तिचा श्वास गळ्यावरच्या पट्टीतून येत-जात होता तेवढाच खोलीत आवाज. लिहून झाल्यावर वही माझ्याकडे फिरवली. लिहिलं होतं: 'रागावून लिहीत नाही. सात वर्षं विचारीन म्हणते. त्यात मी ऑपरेशन नको म्हणाले होते. आवाज घालवून राहण्यापेक्षा मिळतील तेवढे दिवस बोलत काढीन म्हणाले. डॉक्टरांसमोर धीर झाला नाही, तुझ्या तोंडावरही नाही. तू रात्री ऐकशील आणि सकाळी मला घरी नेशील असं वाटलं होतं. बाई येऊन म्हणाल्या की तू ऐकलंस. तू ठीक होईल म्हणालास. मग मी समजले की ऐकूनही तुला मी हवी आहे, कशीही. म्हणून गेले. त्या एका गोष्टीवर मी सात वर्षं काढली. ते तसंच होतं ना?'

शेवटच्या ओळीखाली तिनं पेन्सिल टेकवून ठेवली होती. मला पुन्हा एकदा मान डोलवायची होती, बस. ती वाट बघत होती, आणि तिच्या भुवया उंचावलेल्या होत्या, त्या सकाळी ढकलगाडीवर होत्या अगदी तशाच. मान हलेना. मी म्हणालो, "ताई, मी ते ऐकलंच नाही. कधी उघडलंच नाही मी ते."

पेन्सिल तिच्या हातातून सुटून घरंगळत टेबलाच्या कडेपर्यंत गेली आणि खाली पडली. मी वाकून उचलली, तिच्यापुढं धरली. तिनं घेतली नाही. वहीकडेही बघितलं नाही. ती माझ्याकडे बघत बोलायला लागली, नुसत्या ओठांनी, जसं तिनं वही घेतल्यापासून केलं नव्हतं. मध्येच थांबत होती, पुन्हा बोलत होती. पट्टीतून श्वास फसफसत होता. मी पेन्सिल हातात धरून समोर बसून राहिलो आणि तिच्या ओठांकडे बघत राहिलो. ती पुष्कळ वेळ बोलली. मला त्यातला एकही शब्द कळला नाही.